कऱ्हेकाठचा माळ: ग्रॅव्हल सायकल घेतली असेल तर पुण्याच्या पूर्वेला जा

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यात राहतो, डांबरी रस्त्यावर सायकल चालवायची सवय आहे, आता ग्रॅव्हल सायकल, म्हणजे कच्च्या रस्त्यासाठीची जाड टायरची सायकल, घेतली. जंगलातून आणि जुन्या, ऐतिहासिक गावांतून जाणारा कच्चा मार्ग हवा आहे. ताम्हिणी, वरंध, वेल्हे यांतलं काय निवडू?

माझं उत्तर: सुरुवातीला यांतलं एकही नको. डोंगराकडे पाठ करा, दिवे किंवा बोपदेव घाट ओलांडा आणि कऱ्हा नदीच्या खोऱ्यात उतरा. सासवड, भुलेश्वर, सुपे, मोरगाव, पांडेश्वर, जेजुरी आणि परत सासवड असा हा फेरा आहे. आडवळणं धरून शंभर-सव्वाशे किलोमीटर होतात. दोन दिवसांत निवांत होतो, आणि त्यातला बराचसा भाग मुरुमावरून नेता येतो.

ताम्हिणी का नको ते आधी सांगतो, कारण हा मोह सगळ्यांनाच होतो. घाटातले मुख्य रस्ते केव्हाच डांबरी झालेत आणि शनिवार-रविवारी त्यांवर गाड्यांची रांग असते. डांबर सोडून आत शिरलात तर एक तर दगडगोट्यांची पायवाट लागते, जिथे सायकल खांद्यावर घ्यावी लागते, नाहीतर अभयारण्याची हद्द लागते, जिथे परवानगीशिवाय शिरताच येत नाही. जून ते सप्टेंबर शेवाळलेल्या कातळावर कुठलाच टायर धरत नाही. ते जंगल चालणाऱ्याचं आहे. ग्रॅव्हल सायकलला लांबच लांब, कठीण बुडाची, हलक्या चढउताराची कच्ची वाट लागते, आणि ती सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, म्हणजे कमी पावसाच्या पट्ट्यात आहे.

यामागे जमीन आहे. दख्खनचा काळा पाषाण झिजून, कुजून त्याचा मुरूम होतो. उंच माळावर मातीचा थर बोटभर असतो आणि खाली लगेच मुरूम लागतो. पाणी त्यातून झिरपून जातं. सुपे-बारामतीकडे वर्षाला साधारण पाचशे मिलिमीटर पाऊस पडतो, त्यामुळे सर थांबल्यावर दोन-तीन तासांत माळावरची चाकोरी पुन्हा चालवण्याजोगी होते. पण हाच रस्ता उतरून ओढ्याच्या, नदीच्या काठाला आला की काळी माती सुरू होते, आणि तिथे सगळं गणित उलटं होतं. काळी माती पाणी पिऊन फुगते. पहिल्या वीस-तीस मीटरमध्ये टायर दुप्पट जाड दिसायला लागतो, मग फोर्क (पुढचं चाक धरणारा दुभागलेला दांडा) आणि टायर यांमधली जागा भरते, मग चाक फिरायचंच थांबतं. त्या वेळी जोर लावून पेडल मारू नका, मागचा डेरेलर (गिअर बदलताना साखळी सरकवणारा भाग) चाकात जाऊन त्याचा हँगर, म्हणजे त्याला सायकलशी जोडणारी पट्टी, मोडतो. उतरा, काडीने चिखल काढा आणि सायकल उचलून बांधाच्या गवतावरून न्या. म्हणून मार्ग आखताना मी आधी जमिनीचा रंग बघतो. उपग्रहाच्या चित्रात फिकट, तांबूस-करडा पट्टा दिसला की तो माळ. गडद, चौकोनी तुकडे दिसले की काळी शेती. पावसाळ्यात पहिल्यावर राहायचं. डिसेंबरनंतर दोन्ही चालतात.

आता जंगलाबद्दल. पुरंदर-बारामतीचा माळ पाहून कुणी म्हणेल, यात जंगल कुठे आहे? सरकारी दप्तरात अशा जमिनीला पिढ्यान्‌पिढ्या पडीक म्हटलं गेलं आणि आपणही तेच शिकलो. हे गवताचं जंगल आहे. हिवर, बोर, खैर, अधूनमधून पळस, आणि त्यांच्या मधे कुसळी गवताचा समुद्र. इथे लांडगा राहतो, चिंकारा राहतो, खोकड आणि तरस राहतात. सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं आहे, पण पहाटे तिथे चिंकारा दिसण्याची शक्यता चांगली असते. नर उभा राहून एकदा मागे वळून बघतो, शेपटी सारखी हलत असते, आणि मग दोन-तीन उड्यांत तो गवताच्या रंगात मिसळून जातो. अभयारण्यात सायकल घेऊन थेट घुसायचं नाही. फाटकावर चौकशी करायची, सांगतील तेवढ्याच वाटेने जायचं. मी सायकल फाटकाशी ठेवून पायीच फिरतो. अभयारण्याबाहेरही बरीच जमीन वनखात्याची आहे. तिथेही तार, फाटक किंवा फलक असेल तिथून मागे फिरायचं.

आणि चाकोरी सोडायची नाही, हे मला अगदी कळकळीने सांगायचं आहे. माळटिटवी आणि धाविक पक्षी उघड्या मुरुमावरच अंडी घालतात. घरटं असं काही नसतंच, चार खडे इकडेतिकडे केलेले असतात आणि अंड्यांचा रंग त्या खड्यांसारखाच. उन्हाळ्यात माळावरून मन मानेल तशी सायकल घातलीत तर ती अंडी चाकाखाली जातील आणि तुम्हाला कळणारही नाही. बैलगाडीच्या, ट्रॅक्टरच्या जुन्या चाकोरीत राहिलात तर हा प्रश्नच येत नाही.

मार्ग सासवडपासून सुरू करा. पुण्याहून सायकलनेच यायचं तर बोपदेव घाटाने या आणि उजाडायच्या आत घाट चढून घ्या. दिवे घाटातली अवजड वाहनं सायकलवाल्याला सोसवत नाहीत. सासवडात सोपानदेवांची समाधी आहे, संगमावर संगमेश्वराचं देऊळ आहे, पुरंदऱ्यांचा वाडा आहे, आणि पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ १७२० साली इथेच वारले, त्यांची समाधीही आहे. एवढ्याशा गावात एक अख्खी सकाळ जाईल. म्हणून सासवड परतीच्या दिवशी बघा आणि सकाळी थेट सोनोरी गाठा.

सोनोरीच्या वर मल्हारगड. पेशव्यांच्या तोफखान्याचे प्रमुख पानसे, त्यांनी १७५७ ते १७६० या काळात तो बांधला. सह्याद्रीत बांधलेला हा शेवटचा किल्ला मानतात. गड लहान आहे, पायथ्यापासून अर्ध्या तासात वर पोचता येतं. बालेकिल्ल्यात महादेव आणि खंडोबा यांची देवळं शेजारी-शेजारी आहेत. पण सायकलवाल्याने इथे यायचं ते वरून दिसणाऱ्या नकाशासाठी. पूर्वेकडे तोंड करून उभे राहा. दिवसभर जायचं ते सगळं खोरं समोर पसरलेलं असतं, माळ कुठे आहेत आणि काळी शेती कुठे आहे ते रंगावरून वेगळं ओळखता येतं. गड दिवे घाटावर नजर ठेवायला का बांधला असेल तेही तिथे उभं राहिलं की आपोआप कळतं.

सोनोरीहून आंबळे, टेकवडी करत माळशिरसला जा. हे पुरंदरचं माळशिरस, पालखीवाटेवरचं सोलापूर जिल्ह्यातलं नव्हे. या टापूत एक गोष्ट सांभाळायची. वनपुरी, कुंभारवळण, उदाचीवाडी, एखतपूर, मुंजवडी, खानवडी आणि पारगाव ही सात गावं पुरंदर विमानतळासाठी निवडली गेली आहेत आणि जमीनमोजणीवरून तिथे तणाव होऊन गेला आहे. बांधावर उभं राहून कुणी अनोळखी माणूस हातातल्या यंत्राकडे बघत असेल तर लोक चौकशी करणारच, आणि त्यांनी ती करावीच. थांबा, रामराम करा, कुठून आलो आणि कुठे चाललो ते सांगा. ड्रोन अजिबात उडवू नका. जिच्या शेजारून आपण मजेत जातो ती कुणाची तरी अंजिराची नाहीतर सीताफळाची बाग असते.

माळशिरसच्या डोक्यावर भुलेश्वर. या फेऱ्यातलं सगळ्यांत मोलाचं ठिकाण हेच, इथे दोन तास राखून ठेवा. देऊळ यादवकाळातलं. बाहेरून पाहिलं तर गढीसारखी जाड भिंत दिसते, शिल्पांचा मागमूसही नाही. आत शिरलं की अंधारा, अरुंद जिना लागतो आणि वर आलं की काळ्या पाषाणातलं कोरीवकाम एकदम समोर येतं. बऱ्याच मूर्तींचे चेहरे फोडलेले आहेत. तरी वस्त्रांच्या चुण्या, दागिन्यांचे पदर, हातांची बोटं इतकी नेमकी आहेत की फुटलेल्या चेहऱ्याकडे लक्ष उशिरा जातं. स्त्रीरूपातला गणेश, म्हणजे वैनायकी, इथे आहे. ती वरच्या बाजूला आहे, पुजाऱ्यांना विचारलं तर दाखवतात. देवळाभोवतीचा किल्ला दौलतमंगळ. आदिलशाहीचा सरदार मुरार जगदेव याने १६३०च्या सुमारास पुणं उद्ध्वस्त केलं, आणि त्यानंतर तीन-चार वर्षांत या टेकडीवर हा किल्ला उभारला. शहाजीराजांची जहागीर पुणे-सुप्याची. आपण ज्या वाटेने सायकल घालतोय ती त्या जहागिरीच्या मधोमध जाते आणि हा किल्ला तिच्या उशाशी आहे, हे लक्षात ठेवून इथून खाली बघा.

भुलेश्वरहून आग्नेयेला सुप्याकडे जाताना खरा ग्रॅव्हल लागतो. उतार लांब आणि सौम्य आहे, आणि तोच फसवतो. घट्ट बुडावर मोकळा मुरूम सांडलेला असला की पुढचं चाक मोहरीवर पाय पडल्यासारखं सरकतं. वळणाच्या आधी वेग कमी करून घ्या, वळणात ब्रेक सोडा. हँडलचा खालचा वाक धरा, पण मुठी आवळू नका. शरीर मागे आणि खाली, नजर चाकाच्या पुढे दहा-पंधरा मीटरवर. सायकल थोडी नाचते, तिला नाचू द्या.

इथे नकाशावर एक वाट दिसते आणि प्रत्यक्षात ती नसते, असं वरचेवर होतं. त्याचं मुख्य कारण म्हणजे सलग समतल चर. पाणी मुरावं म्हणून माळांवर उताराला आडवे, एकाच पातळीत चर खणले आहेत. उपग्रहाच्या चित्रात ते बारीक समांतर रेघांसारखे दिसतात आणि जुनी वाट त्यांना छेदून जाताना दिसते. तिथे पोचल्यावर दर काही मीटरला गुडघाभर खड्डा आणि पलीकडे मातीचा ढीग. अशा ठिकाणी सायकल ढकलत अर्धा किलोमीटर जाण्यात तासभर मोडतो. रेघा दिसल्या की तो तुकडा टाळा आणि पाणंद, म्हणजे शेतांमधली जुनी गाडीवाट, शोधा. महसूल खात्याच्या गावनकाशात गाडीवाट दोन तुटक रेषांनी आणि पायवाट एका तुटक रेषेने दाखवलेली असते. दोन रेषांची वाट, तसेच दोन गावांच्या हद्दीवरचे शिवरस्ते, हे वहिवाटीचे रस्ते आहेत. खासगी शेतातून जाण्याचा प्रश्न येत नाही आणि ते बहुधा जुन्या वस्त्यांना, देवळांना, ओढ्याच्या उतारांना नेमके जोडलेले असतात. शेकडो वर्षं बैलगाड्यांनी शोधलेला चढ सायकललाही सोसतो. यांतले बरेच आता खडीकरण होऊन पक्के होत आहेत. शेतकऱ्याला ऊस आणि कांदा बाहेर काढायला पक्का रस्ता हवा आहे, तो त्याला मिळालाच पाहिजे. आपण दुसरी वाट शोधू.

सुप्यात शहाजीराजांच्या जहागिरीचा कारभार संभाजी मोहिते पाहत. ते शिवाजी महाराजांचे सावत्र मामा. १६५६ साली महाराजांनी सुपं त्यांच्याकडून काढून घेतलं. आज गावात त्या काळचं फारसं काही उभं नाही. पोटभर जेवा, पाणी भरा, आणि ऊन कलल्यावर मोरगावकडे निघा. मोरगावला भक्तनिवास आहे, मुक्काम तिथेच करावा. मयूरेश्वराच्या देवळाच्या चार कोपऱ्यांना चार मनोरे आहेत आणि गणपतीसमोर नंदी बसलेला आहे. संध्याकाळी गर्दी ओसरली की हे शांतपणे पाहता येतं.

पायांत जोर उरला असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी लोणी भापकरला जाऊन या. मल्लिकार्जुनाचं यादवकालीन देऊळ, शेजारी दगडी पुष्करणी आणि यज्ञवराहाची मूर्ती आहे. वराहाच्या अंगावरच्या झुलीचं बारीक कोरीवकाम अगदी जवळ जाऊन बघा. नसेल जोर तर सरळ परतीला लागा आणि पांडेश्वर चुकवू नका. कऱ्हेच्या काठावरचं हे महादेवाचं देऊळ विटांच्या बांधणीचं आहे. आपल्याकडे सगळी जुनी देवळं दगडाची पाहायची सवय, म्हणून इथे पाय थबकतो.

पांडेश्वर-जेजुरी टप्प्यात ओढ्यांवर आणि नदीवर फरशी पूल आहेत. एरवी कऱ्हेत पाणी नसतंच म्हटलं तरी चालेल. पण सप्टेंबर २०१९मध्ये पुरंदरात एका रात्रीत इतका पाऊस झाला की नाझरे धरण भरून कऱ्हेला मोठा पूर आला होता. फरशीवरून पाणी वाहत असेल तर घोटाभर असलं तरी सायकल घालू नका. जेजुरीत होळकरांचा तलाव आणि पेशवे तलाव हे दोन्ही बघण्यासारखे आहेत. गड चढायचा तर सायकलचे बूट काढून ठेवायची सोय आधी करा. सोमवती अमावस्येला आणि चंपाषष्ठीला इथे यायचं ते दर्शनाला, सायकल चालवायला नाही. आषाढवारीत ज्ञानोबांची पालखी सासवड, जेजुरी, वाल्हे अशीच जाते, त्या आठवड्यात हा अख्खा फेरा बाजूला ठेवा.

सायकलबद्दल मोजकं सांगतो. टायर ४० मिलिमीटरपेक्षा बारीक नको, ४२ ते ४५ उत्तम, आणि ट्यूबलेसच, म्हणजे आत ट्यूब नसलेले, हवेत. इथला खरा शत्रू काटा आहे. बाभळीचा काटा पांढरा, बोटाएवढा लांब असतो. वेडी बाभूळ त्याहून वाईट, आणि सराटे तर दिसतही नाहीत. ट्यूब घालून आलात तर दिवस पंक्चर काढण्यात जाईल. प्रत्येक टायरमध्ये ६० ते ९० मिलिलिटर सीलंट (भोक आपोआप बुजवणारा द्रव) ठेवा. आपल्या उन्हात ते दोन-तीन महिन्यांत वाळतं, तेव्हा निघायच्या आदल्या आठवड्यात तपासा. काटा रुतलेला दिसला आणि हवा जात नसेल तर तो उपटू नका, घरी जाऊन बघा. ७० किलोच्या माणसाला पुढे २८-३०, मागे ३२-३५ पीएसआय हवा पुरते. पुढे ४० दातांची चकती असेल तर मागे ४२ दातांपर्यंत असू द्या, भुलेश्वराचा शेवटचा चढ बसून चढता येईल. जादा डेरेलर हँगर बरोबर हवाच. तो प्रत्येक सायकलचा वेगळा असतो, गावच्या दुकानात मिळत नाही. पाणी तीन लिटर. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कुसळं मोज्यांत घुसतात, गुळगुळीत विणीचे मोजे घाला.

राहिले कुत्रे. धनगरांचे कळप दिवाळीच्या सुमारास कोकणाकडे उतरतात आणि पावसाच्या तोंडावर माळावर परततात. कळपाबरोबरचे कुत्रे लांडग्याशी झुंजायला पाळलेले असतात, ते उगाच भुंकत नाहीत. शर्यत लावू नका. थांबा, उतरा, सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मधे धरा आणि मोठ्याने "मामा, कुत्रं आवरा" अशी हाक घाला. एका शिट्टीवर कुत्रं बसतं. मग दोन मिनिटं बोला. पुढच्या ओढ्याला पाणी आहे का, वरची वाट कुंपणाने बंद झाली का, काल लांडगा कुठे दिसला, हे त्या माणसाइतकं नेमकं कुठलंच ॲप सांगत नाही. बसलेल्या कळपाच्या मधून मात्र कधीही सायकल घालू नका. मेंढरं उधळली तर गाभण मेंढी पडते, आणि ते नुकसान त्याच्या घरचं असतं.

अगदी सपाट, सोपं काही आधी हवं असेल तर नीरा डाव्या कालव्याच्या काठचा मुरुमाचा रस्ता आहे. वीर धरणाकडून नीरा गावावरून सोमेश्वरनगर, बारामतीकडे जातो. कालवा १८८५च्या सुमाराचा, काठाला मोठी झाडं, चढ जवळपास नाहीच. गाळप हंगामात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांना वाट द्यायची, दोन ट्रॉल्यांच्या मधे कधीच शिरायचं नाही.

पहिल्या रविवारी पूर्ण फेरा करू नका. गाडीने जेजुरीला जा, सकाळी सहाला पांडेश्वरमार्गे मोरगावला निघा आणि त्याच वाटेने परत या. साधारण पंचेचाळीस किलोमीटर होतील, ऊन चढायच्या आत संपतील, आणि टायरमधली हवा, गिअर आणि पाण्याचा अंदाज तुमचा तुम्हालाच येईल. सप्टेंबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ धरा. भुलेश्वर-सुप्याचा टप्पा त्यानंतरच्या खेपेला, शक्यतो दोघं-तिघं मिळून.